कमरपट्टीवरची नावं

दोरा जळला नाही. चिमट्यात धरून स्पिरिटच्या दिव्याजवळ नेला तसा तो आक्रसला आणि टोकाला एक बारीक, कडक मणी धरून थांबला. सुती दोरा असा वागत नाही. तो कागदासारखा जळतो, राख सोडतो. मी दुसऱ्या थरातला दोरा घेतला. त्याचाही मणी झाला.

"नायलॉन," मी म्हटलं.

बिवलकर सर माझ्या मागे उभे होते. "म्हणजे?"

"म्हणजे हा १९२७ सालचा नाही. तेव्हा जगात नायलॉन नव्हतंच."

सरांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा लावला. "कॅटलॉग छापायला गेलाय, शर्मिष्ठा."

ही १९८९ च्या नोव्हेंबरातली गोष्ट. मी मुंबईतल्या एका संग्रहालयात जुन्या कापडांची निगा राखायच्या विभागात होते. बिवलकर सर आमचे अभिरक्षक, म्हणजे क्युरेटर. डिसेंबरात रंगमंचावरच्या वेशभूषेचं प्रदर्शन उघडायचं होतं आणि दालनाच्या मधोमध असलेल्या काचेच्या मोठ्या कपाटात काय ठेवायचं, हे सरांना महिनाभर सुचत नव्हतं. तेवढ्यात सारा आष्टमकर बाई आल्या.

त्या ठाण्याहून टॅक्सी करून आल्या होत्या. मागच्या सीटवर जुन्या चादरीत गुंडाळलेला, परातीएवढा गोल टूटू, म्हणजे बॅले या युरोपी नाचात घालायचा झगा, एकटा बसला होता आणि बाई पुढे ड्रायव्हरशेजारी. एकसष्ट वर्षांच्या, नुकत्याच शाळेतून मुख्याध्यापिका म्हणून निवृत्त झालेल्या. बेने इस्रायली, म्हणजे कोकणातल्या मराठी बोलणाऱ्या ज्यू. बोलणं स्वच्छ, थोडं कोरडं. दान द्यायच्या वस्तूचा फॉर्म त्यांनी तिथेच उभ्या उभ्या भरला. अक्षर फळ्यावरच्यासारखं होतं: 'माझी आई कै. राहेल सोलोमन आष्टमकर हिने १९२७ साली मुंबईत परदेशी मंडळींबरोबर बॅले नृत्य केले. त्या वेळी हा पोशाख तिने घातला होता.'

"पाटीवर तिचं पूर्ण नाव येईल ना?" त्यांनी विचारलं होतं.

"येईल म्हणजे? सगळ्यात वर येईल," सर म्हणाले होते.

पहिली मराठी बॅले नर्तकी. सरांनी दुसऱ्याच दिवशी कॅटलॉगमधलं पान बदलून घेतलं.

आणि आता हा मणी.

"घेरही जुळत नाही," मी म्हटलं. सरांना ऐकायचं नव्हतं, पण मला थांबताही येत नव्हतं. "हा असा ताटासारखा आडवा उभा राहणारा झगा फार उशिराचा. आत तारेचं कडं आहे, बघा. दीडशे वर्षांपूर्वी पॅरिसमध्ये टूटू पोटरीपर्यंत यायचा, घंटेसारखा. खळ दिलेल्या विरळ मलमलीचे थरावर थर. मग नाचणाऱ्या मुली अंगठ्यांवर उभ्या राहायला लागल्या आणि पाय तर झग्याआड. म्हणून तो वर वर चढत गेला. आधी गुडघ्यापर्यंत, मग मांडीवर. सत्तावीस साली आखूड झाला होता, पण सैल पडायचा. तारेवर ताणून सपाट केला तो नंतर."

"हे सगळं तुला कुठून ठाऊक?"

"लंडनला शिकायला गेले होते त्या सहा महिन्यांत दोन महिने तेच शिवत होते. फाटलेले टूटू. एकावर तर करपल्याचे डाग होते. रंगमंचावर गॅसचे दिवे असायचे तेव्हा या झग्यांना आग लागून मुली मेल्यात, सर."

सर दाराशी जाऊन परत वळले. "वरची चोळी जुनी वाटते की."

तेही खरं होतं. नितंबांपर्यंत येणारी ती घट्ट चोळी जुनी होती.

त्या आठवड्यात मी बाईंची फोनवर परवानगी घेऊन कमरेची शिवण उसवली. फक्त चार इंच. भिंग लावून पाहिलं तर कापडावर सुईच्या भोकांच्या तीन रांगा होत्या. सगळ्यात जुनी रांग बरोबर कमरेवर. तिथे एकेकाळी पोटरीपर्यंतचा लांब झगा जोडलेला असणार. दुसरी रांग दोन बोटं खाली. तिसरी अगदी नितंबांवर, जिथे आता नायलॉन होतं. एकच चोळी आणि तिच्यावर तीन झगे. शंभरेक वर्षांत जे घडलं ते या एका कपड्यावर वीस-पंचवीस वर्षांत उरकलं होतं.

नायलॉनच्या अगदी खाली, पायाला लागणारी एक झालर वेगळी होती. जाड, षटकोनी भोकांची. तिचा दोरा जळला आणि राख झाली. मी ते कापड लहानपणापासून रोज पाहिलेलं होतं, त्यामुळेच ओळखायला वेळ लागला. ती मच्छरदाणी होती.

चोळीच्या आत कमरेला एक पट्टी होती. अशा पट्टीवर घालणारीचं नाव शाईनं लिहितात, आणि झगा दुसरीकडे गेला की आधीचं नाव खोडतात. इथे सहा नावं होती. हिल्डा. आयरिस. पर्सिस. मग एक न वाचता येणारं. डॉली. मार्गारेट. पाच खोडलेली, शेवटचं तसंच. राहेल कुठेच नव्हतं.

पण शिवण सगळीकडे एका हातची होती. हुक सहा वेळा हलवलेले, तिन्ही झग्यांचे टाके, मच्छरदाणीची तुरपाई. प्रत्येक टाका उलट्या बाजूला झुकलेला. शिवणारी बाई डावखुरी होती.

मी दोन दिवस ते कुणाला सांगितलं नाही. तिसऱ्या दिवशी सकाळी ठाण्याला गेले.

बाईंचं घर पहिल्या मजल्यावर होतं. दाराच्या चौकटीवर ज्यूंच्या घरी असते तशी तिरपी लावलेली छोटी डबी, आत स्वच्छ, जवळजवळ रिकामी खोली. त्यांनी चहा केला, सोबत सांदणं दिली. मी बशी बाजूला ठेवली आणि सांगायला सुरुवात केली. नायलॉनचं, तारेचं, भोकांच्या तीन रांगांचं. त्या शाळा तपासायला आलेल्या साहेबाचं ऐकावं तशा ऐकत होत्या. चेहरा हलला नाही.

"पट्टीवर नावं आहेत," मी म्हटलं. "सहा. त्यात आईंचं नाही."

"नसणारच."



"आई डावखुरी होती का?" मी विचारलं.

बाई उठल्या. कपाटातून एक पांढरा रुमाल काढून माझ्या मांडीवर ठेवला. शुक्रवारी संध्याकाळी शब्बाथच्या प्रार्थनेला टेबलावर घालायचा, कडेनं हातानं तुरपाई केलेला. मी भिंग काढायच्या आधीच मला दिसलं. टाके उलटे झुकले होते.

"आई नाचली नाही," मी म्हटलं.

"नाही."

"तुम्हाला माहीत होतं."

"मी तिच्या सुईत दोरा ओवत होते. मला माहीत नसेल तर कुणाला असेल?"

मग त्यांनी सांगितलं. कुलाब्याला एक मादाम होत्या. दुसऱ्या महायुद्धाच्या बऱ्याच आधी कधीतरी युरोपातून येऊन राहिलेल्या. गोऱ्यांच्या आणि पारशांच्या मुलींना नाच शिकवायच्या, वर्षाला एक कार्यक्रम करायच्या. राहेलबाई एकतीस साली त्यांच्याकडे शिवायला लागल्या ते मादाम चोपन्न साली गेल्या तोवर.

"मादामनं पहिल्यांदा एक चित्र आणून दिलं, लांब झग्याचं. तसा कुणीच इथे शिवलेला नव्हता. आईनं परकर शिवले होते, पोलकी शिवली होती. तिनं सोळा थर घातले. झगा उभा राहिला, पण कार्यक्रम होता पावसाळ्यात. मधली सुट्टी होईपर्यंत खळ उतरली आणि सगळ्या मुली भिजलेल्या कोंबड्यांसारख्या दिसायला लागल्या. आई सांगताना हसायची. मग ती तांदळाच्या पेजेत आणखी काय काय घालून बघायला लागली. झगे छताला उलटे टांगून ठेवायची. आमच्या घरात चालायचं तर वाकून चालावं लागे."

"मच्छरदाणी लढाईतली?"

"बेचाळीस. बाहेरून माल येईना. मादाम म्हणाल्या, लांब झगे आता जुने झाले, आखूड कर. आईनं आमची मच्छरदाणी कापली. त्या वर्षी आम्हाला दोघी बहिणींना मलेरिया झाला." त्यांनी हे तक्रार न करता सांगितलं. "नंतर मादामनं बोटीनं नायलॉन मागवलं. आईला ते आवडलं नाही. हातात मेल्यासारखं लागतं म्हणायची. पण दमट हवेत पडत नाही, हे तिनं मान्य केलं. तारेचं कडं तिनं स्वतः वळवलं, पिंजरेवाल्याकडे बसून. मादाम गेल्यावर नाचाची शाळा मोडली. झगे वाटून टाकले. एवढा आईनं मागून घेतला."

"मग बाई, फॉर्मवर..."

"खोटं लिहिलं." त्यांनी माझी बशी पुन्हा माझ्यासमोर सरकवली. "तुझ्याकडे यायच्या आधी मी एकदा येऊन गेले होते. तिकीट काढून. दोन्ही मजले पाहिले. शालू, पैठण्या, अंगरखे. प्रत्येकाची पाटी वाचली. अमक्या सरदारांचा, तमक्या राणीसाहेबांचा. कुणी विणला, कुणी शिवला, कुठे एक नाव आहे का?"

 त्यांतल्या निम्म्या पाट्या मी लिहिल्या होत्या.

"घालणारीचंच नाव लागतं," बाई म्हणाल्या. "मग म्हटलं, घातला म्हणूया. आयुष्यभर मुलींना खोटं बोलू नका शिकवलं. एकदा आईसाठी बोलले. तू पकडलंस ते बरंच झालं म्हणायचं."

"मी खरं लिहिते," मी म्हटलं. "शिवणारीचं नाव लिहिते. तुम्ही नवा जबाब द्या. रुमाल द्या तुलनेला. माझ्याकडे पुरावा आहे."

"तशी पाटी लावाल?"

"हो."

"तू लावशील की तुमचे साहेब लावतील?"

"लावू," मी म्हटलं.

त्यांनी कागद घेतला आणि त्याच सरळ अक्षरात सगळं लिहून दिलं. खाली सही केली, तारीख घातली. सांदणं मी खाल्ली की नाही, हे मला आठवत नाही.

बिवलकर सरांनी माझा अहवाल दोनदा वाचला. ते वाईट माणूस नव्हते. पुढे माझ्या बढतीसाठी तेच भांडले.

"काम उत्तम आहे," ते म्हणाले. "पण नाचली नाही तर मग उरलं काय? एक शिवलेला झगा."

"प्रदर्शन वेशभूषेचं आहे, सर."

"लोक वेश बघायला येत नाहीत, शर्मिष्ठा. घालणाऱ्याला बघायला येतात. शिवणाऱ्या बाईंचं नाव मधल्या कपाटावर मोठ्या अक्षरात लिहिलं तर लोक विचारतील, ही कोण?"

"मग सांगू ना."

"काय सांगणार? मच्छरदाणी?"

 सर बोटांत पेन्सिल फिरवत होते.

"आपण 'कुटुंबीयांच्या सांगण्यानुसार' असं लिहिलं असतं," ते म्हणाले. "त्यात खोटं काही नव्हतं. तेच सांगत होते. पण आता तू त्यांच्याकडून हे लिहून आणलंस. आता मला तेही लिहिता येत नाही आणि तुझंही लावता येत नाही."

कॅटलॉगमधलं ते पान काढून टाकलं. मधल्या कपाटात एका गायक नटाचा जरीचा शेला ठेवला. तो कधी, कोणत्या नाटकात वापरला होता, याचा कुणाकडेच काही पुरावा नव्हता. टूटूला कापड पिवळं न पाडणाऱ्या आम्लविरहित कागदात गुंडाळून मी स्वतः एका मोठ्या सपाट पेटीत ठेवलं आणि तळघरातल्या भांडारात, सातव्या फडताळावर नेलं. नोंदवहीत मात्र सगळं खरं लिहिलं: शिवणारीचं नाव, तीन रांगा, मच्छरदाणी. ती वही आम्ही तिघं-चौघं सोडून कुणी उघडत नसे.

बाईंना कळवायला हवं होतं. पत्र दोनदा लिहिलं. एकदा लांब झालं, एकदा फार तुटक. उद्घाटनाचं छापील निमंत्रण तर कार्यालयातून देणगीदारांच्या यादीप्रमाणे आपोआप गेलं.

त्या आल्या. पांढरी, बारीक काठांची साडी, हातात छोटी पर्स. मी पहिल्या मजल्याच्या कठड्याशी उभी होते. खाली त्या दालनात शिरल्या. मधल्या कपाटाकडे गेल्या, शेल्याची पाटी वाचली. मग डावीकडून सुरुवात करून एकेका कपाटापुढे थांबत गेल्या. चुकून कुठे कोपऱ्यात ठेवला असेल, असं त्यांना वाटत असावं. मुकुट, दाढ्या, गदा, नऊवाऱ्या. त्यांनी एकही पाटी सोडली नाही. मी खाली उतरायचं ठरवत होते. प्रत्येक कपाटापाशी मला वाटत होतं, आता उतरावं. शेवटचं कपाट झाल्यावर त्यांनी एकदा सगळ्या दालनाकडे पाहिलं आणि त्या बाहेर पडल्या. अभ्यागतांच्या वहीत त्यांनी सही केली होती. शेऱ्याच्या रकान्यात काही लिहिलं नव्हतं.

मी खोटं धरून दिलं, याबद्दल मला तेव्हा काही वाटलं नाही आणि आजही वाटत नाही. जे माझ्या हातात नव्हतं त्याला 'हो' म्हटलं, ते मात्र मनात राहिलं. सतरा वर्षं मी त्यांना पत्र लिहिलं नाही. सातव्या फडताळावरची पेटी वर्षातून एकदा उघडायची, कीड लागली नाही ना बघायचं, घड्यांची जागा बदलायची, एवढं नियमानं करत राहिले.

२००६ साली बिवलकर सर निवृत्त होऊन बरीच वर्षं झाली होती आणि विभाग माझ्याकडे होता. वस्त्रांचं दालन नव्यानं मांडायचं ठरलं. टूटू ठेवायला मला आता विभागात कुणाची परवानगी लागत नव्हती. विचारायचं होतं ते फक्त संचालकांना, आणि त्यांना तो दिसायला छान वाटला. मी तो उभा न ठेवता काचेत थोडा तिरका टांगला आणि खाली आरसा ठेवला, म्हणजे आतले थर, मच्छरदाणी आणि उलटे टाके दिसतील. पाटी मी चार वेळा लिहिली. शेवटी एवढंच ठेवलं: 'टूटू. मुंबई, १९३१ ते १९५४. शिवण: राहेल सोलोमन आष्टमकर.' खाली तीन ओळींत तीन झग्यांची हकीकत.

मग ठाण्याच्या पत्त्यावर पत्र टाकलं. बाई तिथे असतील याची खात्री नव्हती. त्यांच्या समाजातले कितीतरी लोक एव्हाना इस्रायलला गेले होते. आठ दिवसांनी पोस्टकार्ड आलं. अक्षर थोडं थरथरलेलं, पण ओळ सरळ. 'मंगळवारी येते.'

त्या भाचीचा हात धरून आल्या. अठ्ठ्याहत्तर वर्षांच्या. माझ्या केसांकडे पाहून म्हणाल्या, "पांढरे झाले."

"हो, बाई." मग मी म्हटलं, "उद्घाटनाच्या दिवशी मी वर उभी होते. खाली आले नाही."

"पाहिलं होतं मी."

  आम्ही दालनात गेलो. भाचीनं त्यांना चष्मा बदलून दिला. त्यांनी पाटी वाचली. पुन्हा वाचली. मग खाली वाकून आरशात बराच वेळ पाहत राहिल्या. मला वाटलं, त्या काही म्हणतील. भाचीलाही वाटलं असावं, कारण तिनं रुमाल काढून हातात ठेवला होता.

"सोलोमनमधलं पहिलं अक्षर 'सो'," त्या सरळ होत म्हणाल्या. "पुष्कळ लोक सालोमन लिहितात. तू बरोबर लिहिलंस."

"काही बदलायचं आहे का?"

"यात नाही."

भाची त्यांना बाकाकडे न्यायला लागली, पण त्या शेजारच्या कपाटाकडे वळल्या. तिथे एक हिरवा शालू होता, अंगभर बुट्ट्या, पदरावर मोर. आमच्या संग्रहातली सगळ्यात मोलाची वस्तू. त्यांनी चष्मा नाकावर सारखा केला आणि पाटी वाचली. कोणत्या घराण्याचा, कोणत्या लग्नातला, कुणी भेट दिला.

"हा कुणी विणला?" त्यांनी विचारलं.

"माहीत नाही, बाई."

"शोधलंस?"

"शोधलं. कुठेच नोंद नाही."

"मग तसं लिहा ना," त्या म्हणाल्या. "माहीत नाही, असं."

एवढं बोलून त्या भाचीबरोबर पुढच्या कपाटाकडे गेल्या, आणि तिथेही पाटी वाचायला थांबल्या.

दुसऱ्या दिवशी मी पहिल्या दालनापासून सुरुवात केली. संचालकांनी विचारलं, हे काय चाललंय, तेव्हा पाट्या दुरुस्त करतेय म्हणून सांगितलं. एकूण एकशे चाळीस पाट्या होत्या. त्यांतल्या एकशे एकतीस पाट्यांवर मला तीच एक ओळ घालावी लागली: 'विणणाऱ्याचे, शिवणाऱ्याचे नाव माहीत नाही.'